घटना समितीत हैदराबादच्या जागा रिकाम्या होत्या. मग ‘आम्ही, भारताचे लोक’मध्ये आपण कधी आलो?

गोदाकाठ (धागाकर्ता)

२६ नोव्हेंबरला आमच्या गावच्या वाचनालयात उद्देशिकेचं वाचन असतं. गाव परभणी जिल्ह्यातलं, गंगाखेडच्या अलीकडचं, लहानसं. शाळेची पोरं, बचत गटाच्या बाया आणि पारावरून उठून आलेली म्हातारी माणसं एवढीच मंडळी जमतात. यंदा वाचन झालं, चहा फिरत होता, तेवढ्यात शेजारचे आबा म्हणाले, “बाळा, आम्ही भारताचे लोक म्हणलास, ब्येस केलंस. पण हे लिहायलते तव्हा आपल्याकडलं कोण बसलं हुतं तिथं?”

आबा शहाऐंशीचे. रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांच्या, वर्षी नऊ-दहा वर्षांचे होते. आईनं डोरलं चुलीमागं पुरून ठेवलं होतं आणि रात्री सगळं घर ज्वारीत जाऊन झोपायचं, हे त्यांच्या तोंडून मी कितीदा ऐकलंय. अशा माणसानं विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. हैदराबाद मुक्तिलढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ असतील, असं पुटपुटलो. ते चूक होतं.

घरी येऊन वाचत बसलो. घटना समिती ९ डिसेंबर १९४६ ला दिल्लीत पहिल्यांदा बसली. दहा लाख लोकांमागं साधारण एक सदस्य, असा हिशेब होता. त्या हिशेबानं निजामाच्या हैदराबाद संस्थानाच्या वाट्याला, ज्यात तेव्हा आपला मराठवाडा होता, १६ जागा आल्या होत्या. त्यातली एकही भरली नाही. १९४७ ला निजाम भारतात यायला तयार झाला नाही. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजेची ‘पोलिस कारवाई’ सुरू झाली, १७ ला संस्थान शरण आलं. तोवर दिल्लीत मसुदा छापून सात महिने झाले होते. आणि २६ नोव्हेंबर १९४९ ला घटना स्वीकारली, त्या दिवशीसुद्धा औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद या आपल्या जिल्ह्यांच्या वतीनं हात वर करणारा एकही माणूस सभागृहात नव्हता.

शाळेत, कॉलेजात, स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांत मी हे कुठंच वाचलं नव्हतं. १७ सप्टेंबरला झेंडा फडकवतो, २६ जानेवारीला फडकवतो. पण या दोन तारखांच्या मधल्या सोळा महिन्यांत आपलं काय झालं हे कुणी सांगत नाही. जाणकारांनी लिहावं. घरातल्या म्हाताऱ्यांकडून काही ऐकलं असेल तर तेही. मला आबांना नीट उत्तर द्यायचंय.

मांजराकाठ

फार चांगला धागा. रिकाम्या जागांची गोष्ट खरी आहे, पुढचं मी लिहितो.

नोव्हेंबर १९४९ मध्ये, घटना स्वीकारण्याच्या तोंडावर, निजामानं फर्मान काढलं की भारताची घटना हीच हैदराबादची घटना असेल. २६ नोव्हेंबरला सरदार पटेलांनी घटना समितीत सांगितलं की हैदराबादसह सगळ्या नऊ संस्थानी राज्यांनी घटनेला मान्यता कळवली आहे. म्हणजे कागदावर आपली संमती आली ती फर्मानातून, एका माणसाच्या सहीनं. जी घटना ‘आम्ही लोक’ म्हणून सुरू होते तिच्यात आपण शिरलो ते राजाच्या हुकमानं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मीही बराच वेळ गप्प होतो.

पण त्याच फर्मानात एक अट होती. हैदराबादच्या लोकांची स्वतःची घटना समिती निवडली जाईल आणि तिनं शिक्कामोर्तब करावं, अशी. ती समिती कधी बसलीच नाही. २६ जानेवारी १९५० ला निजाम राजप्रमुख (राज्यपालासारखं पद) झाला, मुख्यमंत्री म्हणून वेलोडी हे सनदी अधिकारी आले. लोकांनी निवडलेलं सरकार आलं ते १९५२ च्या निवडणुकीनंतर, बुर्गुल रामकृष्णरावांचं. माझ्या मते आबांना सांगायची तारीख तीच. आपल्या माणसांनी घटनेला होकार दिला तो १९५२ ला, मतपेटीतून.

दुधना

मांजराकाठ सर, तुमचं शेवटचं वाक्य वाचून माझी आजी आठवली.

आजी जालन्याकडची. पहिल्या निवडणुकीत तिनं मत दिलं तेव्हा तिचं वय बाविसेक असेल. तेव्हा मताला २१ वर्षं लागायची. यादीवाला दारात आला आणि नाव विचारलं. आजीनं जन्मात कधी आजोबांचं नाव घेतलं नव्हतं, उखाण्यात सोडून. सासू आतून म्हणाली, “लिव्हा अमक्याची बायको.” यादीवाला म्हणाला, तसं चालत नाही, बाईचं स्वतःचं नाव पाहिजे. आजी उंबऱ्यात आली आणि तिनं आपलं नाव सांगितलं. सासरी आल्यापासून तिला त्या नावानं कुणी हाक मारली नव्हती. सरकारनं मारली, असं ती म्हणायची.

मी पुढं वाचलं की त्या वेळी देशभरात सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून वगळली गेली, कारण त्यांनी स्वतःचं नाव न सांगता कुणाची तरी बायको, कुणाची तरी लेक एवढंच लिहवून घेतलं होतं. निवडणूक आयोगानं तशी नावं घ्यायला नकार दिला. तेव्हा ते कठोर वाटलं असेल. मला तरी तो घटनेचा पहिला धडा वाटतो: कलम ३२६ प्रत्येक प्रौढ माणसाला मत देतं, कुटुंबाला नाही. आणि या याद्यांचं काम तर घटना मंजूर व्हायच्या आधीपासून चालू झालं होतं.

मतपेट्या तेव्हा प्रत्येक उमेदवाराच्या वेगळ्या असायच्या, वर चिन्ह चिकटवलेलं. वाचता न येणाऱ्या माणसालाही कुणाला न विचारता मत देता यावं म्हणून. आजीनं कुठल्या पेटीत टाकलं ते आजोबांनाही शेवटपर्यंत कळलं नाही.

कसबा

आजीची आठवण सुंदर. पण मला थोडं कडवट लिहावं लागणार आहे, राग मानू नये.

सही कुणाची, फर्मान कुणाचं, हा इतिहास झाला. मराठवाड्याला या घटनेतून हातात काय पडलं ते विचारा. पुस्तकातला भाग चार काढा, कलम ३६ ते ५१, मार्गदर्शक तत्त्वं. समान कामाला समान वेतन, कामगाराला जगण्याइतकी मजुरी, संपत्ती मोजक्यांच्या हाती साचू नये, सगळं लिहिलंय. आणि कलम ३७ सांगतं की यातलं काहीही कोर्टात मागता येणार नाही. घटना समितीतच प्रा. के. टी. शाह यांनी म्हटलं होतं की हा बँकेला जमेल तेव्हा वटणारा चेक आहे. टी. टी. कृष्णम्माचारींनी तर या भागाला भावनांची कचरापेटी म्हटलं. घटना लिहिणारेच असं म्हणत असतील तर आपण आरती का ओवाळायची?

आणि आपल्यासाठी खास असलेलं कलम ३७१(२)? १९५६ ला आपण बिनशर्त मुंबई राज्यात आलो. त्यानंतर विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी विकास मंडळं, निधीचं न्याय्य वाटप, तंत्रशिक्षण, नोकऱ्यांत पुरेशी संधी, हे सगळं घटनेत आलं. मंडळं प्रत्यक्ष यायला १९९४ उजाडलं. ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदत संपली. मधल्या काळात अनुशेष हा शब्द तेवढा आपल्या पोरांना पाठ झाला.

मांजराकाठ

कसबा, तुमची आकडेवारी बरोबर आहे. निष्कर्ष मला मान्य नाही. संभाजीनगरच्या खंडपीठात बावीस वर्षं वकिली करतोय, त्यातून जे दिसलं ते सांगतो.

कलम ३७ तुम्ही अर्धं सांगितलं. दुसरा अर्धा भाग असा की ही तत्त्वं देशाच्या कारभारात मूलभूत आहेत आणि कायदे करताना ती लागू करणं राज्याचं कर्तव्य आहे. ४ नोव्हेंबर १९४८ ला मसुदा मांडताना बाबासाहेबांनी याचं उत्तर देऊन ठेवलंय. सत्तेवर कुणीही येवो, त्याला मनाला येईल तसं वागता येणार नाही. तत्त्वं मोडली तर कोर्टात जाब द्यावा लागला नाही तरी निवडणुकीत मतदारांपुढं द्यावा लागेल, असा त्यांचा मुद्दा होता. म्हणजे वसुलीचं काम त्यांनी आपल्यावर सोपवलं.

आणि चेक कधीच वटला नाही असं नाही. कलम ४५ बघा. चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण, घटना लागू झाल्यापासून दहा वर्षांत. मूळ मार्गदर्शक तत्त्वांत मुदत घातलेलं हे एकच. मुदत संपली १९६० ला, शिक्षण काही सगळ्यांना मिळालं नाही. पण ते कलम कागदावर जागं राहिलं. १९९३ ला सर्वोच्च न्यायालयानं त्याचाच आधार घेऊन चौदा वर्षांपर्यंतचं शिक्षण हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीनं कलम २१(क) आलं, १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. पन्नास वर्षं उशीर, कबूल. पण ते वाक्य १९४९ ला लिहिलंच नसतं तर १९९३ ला न्यायमूर्तींनी बोट कशावर ठेवलं असतं?

एक आपल्याकडची गोष्ट. मूलभूत हक्क मोडला तर थेट न्यायालयात जाता येतं ते कलम ३२ नं. बाबासाहेब त्याला घटनेचा आत्मा म्हणाले. उच्च न्यायालयासाठी कलम २२६. पण भूम किंवा देगलूरच्या माणसाला ते वापरायचं तर मुंबई गाठावी लागायची. २७ ऑगस्ट १९८१ ला औरंगाबादला खंडपीठ सुरू झालं आणि तोच हक्क एका एसटीच्या तिकिटावर आला. हक्क पुस्तकात असणं आणि हाताला लागणं यात केवढं अंतर असतं ते मी रोज बघतो.

बालाघाट

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक. वरचं सगळं वाचलं. मांजराकाठ सरांचं २१(क) माझ्या वर्गात येऊन बघा, अशी हात जोडून विनंती आहे.

दिवाळी झाली की गाव रिकामं होतं. ऊसतोडीच्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, ती फेडायला कोयता निघतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मजुरी जोडीला लागते, बाईचा वेगळा हिशेब नसतो. दुधनाताईंच्या आजीचं नाव यादीवाल्यानं वेगळं लिहून घेतलं १९५२ च्या आत. माझ्या विद्यार्थ्यांच्या आयांचं नाव मुकादमाच्या वहीत अजून वेगळं नाही.

कलम ३९ म्हणतं की कामगारांच्या, बायामाणसांच्या ताकदीचा आणि मुलांच्या कोवळ्या वयाचा गैरफायदा घेतला जाऊ नये. ४२ म्हणतं की कामाची परिस्थिती माणुसकीची असावी आणि बाळंतपणात बाईला सवलत मिळावी. उसाच्या फडावर आठवा-नववा महिना भरेपर्यंत मोळ्या उचलणाऱ्या बाया मी पाहिल्यात.

हंगामी वसतिगृह चालतं, पोरं आजी-आजोबांपाशी राहतात आणि शाळेत जेवतात. त्यानं बरीच पोरं वाचली, हे मान्य केलं पाहिजे. पण धाकटं भावंड असलं की मोठी बहीण सोबत जातेच. मागच्या वर्षी सातवीतली एक मुलगी मार्चअखेर परत आली. उद्देशिका तिला तोंडपाठ होती, फडावर भावाला झोळीत झोपवताना म्हणायची म्हणे. “सर, दर्जाची व संधीची समानता, पुढं काय हो?” असं तिनं मला विचारलं. तिला पुढची ओळ आठवत नव्हती, एवढंच. मला मात्र रात्री झोप लागली नाही.

कसबा यांचा राग मला कळतो. तरी मी ती तत्त्वं शिकवणं सोडणार नाही. त्या पोरीला आपल्यावर अन्याय होतोय हे कळायला शब्द लागतील, आणि ते तिथंच आहेत.

नागसेनवन

बालाघाट सर, नमस्कार स्वीकारा.

पुढची ओळ बंधुतेची आहे, आणि तिच्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. नेहरूंनी १३ डिसेंबर १९४६ ला उद्दिष्टांचा ठराव मांडला, त्यात न्याय होता, स्वातंत्र्य होतं, समानता होती. बंधुता हा शब्द नव्हता. तो मसुदा समितीनं घातला. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात सांगितलं की स्वातंत्र्य, समता आणि बंधुता या तीन गोष्टी सुट्या करता येत नाहीत; बंधुता नसेल तर स्वातंत्र्य आणि समता स्वाभाविक राहणार नाहीत, त्या टिकवायला शिपाई लागेल. त्याच भाषणात ते म्हणाले की २६ जानेवारीपासून आपण विसंगतीच्या आयुष्यात पाऊल टाकतोय. राजकारणात एक माणूस एक मत, आणि समाजात, पैशाअडक्यात तीच जुनी विषमता.

मी मिलिंदचा विद्यार्थी. घटना लागू झाली त्याच वर्षी, १९५० ला, बाबासाहेबांनी औरंगाबादला कॉलेज सुरू केलं. देशाचे कायदामंत्री असताना. आमच्या भागातल्या बहुतेकांना पदवी घ्यायची तर हैदराबाद गाठावं लागायचं, आणि आमच्या वस्तीतल्या पोरांना तेही शक्य नव्हतं. १ सप्टेंबर १९५१ ला कॉलेजची कोनशिला बसवायला राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद आले. घटना समितीचे अध्यक्ष आणि मसुदा समितीचे अध्यक्ष, दोघं एकाच दिवशी औरंगाबादच्या माळावर. दिल्लीत आपल्या जागा रिकाम्या होत्या हे खरं, पण मला तो दिवस आठवला की ती बोच कमी होते. माझे वडील त्या कॉलेजात शिकले. आमच्या घरातला पहिला पदवीधर.

गावाबद्दलही बोलू. ४ नोव्हेंबरच्या भाषणात बाबासाहेबांनी खेड्यांवर कडक टीका केली, खेडं म्हणजे संकुचितपणाचं डबकं या अर्थाची. बऱ्याच सदस्यांना ते लागलं, पुढचे कित्येक दिवस त्यावर भाषणं झाली. २२ नोव्हेंबर १९४८ ला के. संथानम यांनी ग्रामपंचायतींची दुरुस्ती आणली. बाबासाहेबांनी ती लगेच स्वीकारली. तेच आजचं कलम ४०. स्वतःचं मत एवढं ठाम असताना सभागृहाचं ऐकणं हे मला फार मोठं वाटतं. मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या आल्या होत्या, २,४७३ सभागृहात मांडल्या गेल्या. घटना इकडून तिकडून उचलली म्हणणाऱ्यांनी त्या चर्चा एकदा उघडून बघाव्यात.

गावकुसाबाहेर वाढलेला माणूस म्हणून सांगतो, खेड्याबद्दल बाबासाहेब बोलले ते खोटं नव्हतं. आणि कलम ४० आलं तेही बरंच झालं. आज माझी पुतणी तिच्या गावात पंचायत सदस्य आहे.

काळी_माती

कलम ४० चं पुढं काय झालं ते मी सांगते, बचत गटात असल्यामुळं रोजचा संबंध आहे. तेही मार्गदर्शक तत्त्वच होतं, कसबा दादा. १९९२ ला ७३ वी घटनादुरुस्ती झाली, २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली, आणि ग्रामसभा घटनेत आली. हाही वटलेला चेक.

आता तो कसा वाया जातो ते ऐका. ग्रामसभेला गावच्या मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० माणसं, यातलं जे कमी ते हजर लागतं. आमच्या गावात तेवढी माणसं जमतच नाहीत. सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. मग पुढच्या तारखेला पंधरा माणसं बसतात आणि सगळे ठराव होतात. बायकांची ग्रामसभा आधी घ्यावी लागते, तिचं रजिस्टर घरोघर सह्यांना फिरतं. मीही दोन वर्षं घरात बसून सही केली. सांगायला लाज वाटते, पण खरं ते खरं.

मागच्या वर्षी आम्ही वीस-बावीस जणी ठरवून गेलो. पाण्याच्या टाकीचा विषय होता. नुसतं बसलो, आणि वाचून दाखवल्याशिवाय सही करणार नाही म्हणालो. एवढ्यानं तो ठराव बदलला. वस्तीवर दुसरी तोटी आली. मराठवाड्यातल्या बाईला पाणी किती लांबून आणावं लागतं ते इथल्यांना सांगायला नको. घटना समितीत आमची खुर्ची रिकामी होती त्याला आम्ही काही करू शकत नव्हतो. ग्रामसभेत ती आम्हीच रिकामी ठेवलेली.

कसबा

काळी माती ताई, तुमचा आणि बालाघाट सरांचा प्रतिसाद दोनदा वाचला. ३७१(२) बद्दलचं माझं मत बदललेलं नाही. राष्ट्रपतींना ‘करता येईल’ अशी भाषा आहे, ‘करावं लागेल’ अशी नाही, आणि तिथंच आपण अडकलो. पण मार्गदर्शक तत्त्वांबद्दल बोललो ते मागं घेतो. आमच्या गावच्या ग्रामसभेला मी अकरा वर्षांत गेलेलो नाही.

गोदाकाठ (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी धाग्याची प्रिंट घेऊन आबांकडं गेलो. आजीच्या नावाची गोष्ट त्यांनी पुन्हा एकदा वाचायला लावली.

नंतर त्यांनी आतून पत्र्याची पेटी काढली. त्यात एक पिवळी पडलेली पावती, उर्दूतली. आमच्यात कुणालाच वाचता येईना. मशिदीतल्या हाफिजसाहेबांना बोलावलं. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचून दाखवलं: आबांच्या वडिलांनी जहागिरीत भरलेल्या साऱ्याची पावती, १३५६ फसली. फसली म्हणजे निजामाच्या कारभारातलं महसुली साल; हे १९४६-४७ चं. दिल्लीत घटना समिती पहिल्यांदा बसली, त्याच सालात आमच्या गावात सारा जहागीरदाराचा माणूस वसूल करत होता. आबांना तो घोड्यावरून यायचा ते आठवतं.

मांजराकाठ सरांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून एक गोष्ट कळवली होती, ती मी तेव्हाच मोबाइलवर उघडली. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीनं नववी अनुसूची आली, जमीन सुधारणांचे कायदे कोर्टात अडकू नयेत म्हणून. सुरुवातीला तिच्यात तेरा कायदे होते. बारावा हैदराबादचा जहागिरी रद्द करणारा, आणि त्याच्यापुढं साल लिहिलंय १३५८ फसली. तेरावाही आपल्याकडचाच, १३५९ फसली.

आबांनी विचारलं, “घटनेत फसली हाय?”

हाय म्हणालो. हाफिजसाहेबांनी पावतीवरचा आकडा आणि मोबाइलवरचा आकडा आळीपाळीनं पुन्हा वाचला. आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “हे पान मला कागदावर पायजे.”

उद्या गंगाखेडला जाऊन दोन्हीच्या झेरॉक्स काढायच्या आहेत, पावतीची आणि अनुसूचीच्या त्या पानाची. आबा सोबत येणार आहेत.